शिष्यत्वाची किंमत कोण मोजतो?

ख्रिस्ताच्या मागे जाण्यासाठी माणसं जे सोडून देतात, ते सोडावं इतकं त्यांच्या हाती काही लागतं का? महाराष्ट्रात हा वाद पुस्तकी कधीच नव्हता. 1882 साली पुण्याने ज्या पंडिता रमाबाईंना डोक्यावर घेतलं, त्यांनी पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तेच पुणं त्यांच्यावर उलटलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी तेच पाऊल उचललं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. तेव्हापासून एक बाजू म्हणत आली की हा सगळा त्याग फुकट गेला. दुसरी बाजू, म्हणजे आमची रविवारची व्यासपीठं, सांगत आली की देवाने सगळं सव्याज परत केलं. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि दुसरी जरा जास्तच.

सगळ्यात उथळ आक्षेप आधी निकालात काढू. ‘यांनी सोडलं काय? पोटासाठी बाटले.’ असं म्हणणाऱ्याने 1850 सालचा कायदा आठवावा. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा कंपनी सरकारला करावा लागला. म्हणजे तोवर तो जात होता. कायद्याने जमिनीतला वाटा वाचला. पंगत, सोयरीक, पाणवठा, आईच्या घरचा उंबरठा यांना कुठलं कलम लावणार? दुष्काळात मिशनच्या दारात भुकेने माणसं आली हे खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर ज्यांनी त्यांना आपल्या दारातून हाकललं त्यांना वाटावी. पण त्या माणसांच्या नातवंडांच्या पदरात काय पडलं तेही पाहा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. नगर जिल्ह्यातल्या महार किंवा मांग ख्रिस्ती कुटुंबाला गाव जातीने ओळखतं आणि सरकारी अर्ज धर्माने. आमिष म्हणून याहून तोट्याचा सौदा शोधून सापडायचा नाही.

दुसरा आक्षेप मात्र अभ्यासू माणसांचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. रमाबाईंचं काम मोठं, हे मान्य. पण त्यासाठी ख्रिस्ती व्हायची गरज काय होती? धोंडो केशव कर्व्यांनी हिंदू राहूनच विधवांसाठी आश्रम उभा केला ना? धर्मांतरामुळे उलट कामाचं नुकसानच झालं, असंही हे लोक दाखवून देतात, आणि पुरावा त्यांच्या बाजूने आहे. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन 11 मार्च 1889 ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली आपण होऊन येऊन बसायच्या. ‘केसरी’ने रान उठवलं. 1893 मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर हे टळलं असतं. रमाबाईंनी ते लावलं नाही.

कर्व्यांचं उदाहरण देणारे त्यातला एक धागा सोडून देतात. कर्व्यांनी 1893 साली ज्या विधवेशी लग्न केलं त्या गोदूबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, शिकून बाहेर पडल्या. आणि कर्व्यांना तरी फुकट कुठे सुटका मिळाली? मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे त्या काळात विधवेच्या बाजूने उभं राहणाऱ्या प्रत्येकाला दंड भरावाच लागत होता, मग तो कुठल्याही देवाला हात जोडो.

तरीही एक फरक उरतो. कर्व्यांचा आश्रम सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होता. शारदा सदनही उच्चवर्णीय स्त्रियांसाठीच निघालं होतं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून ज्या मुली घेऊन आल्या त्यांची जात कुणी विचारली नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, तिथे दीड-दोन हजार मुली-बायका होत्या. आजारी, आंधळ्या, आणि समाजाने ‘पडलेल्या’ ठरवलेल्यासुद्धा. अशा बायकांना माणसात आणायचं काम रमाबाईंनी प्रथम पाहिलं ते लंडनच्या फुलहॅममध्ये, सिस्टरांच्या संस्थेत. त्यांना हे करायला कोण लावतं, असं विचारल्यावर येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना ऐकायला मिळाली. हे स्वतः रमाबाईंनीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा ‘धर्मांतराची गरज काय होती’ याला त्यांच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर हे: केडगावच्या दारात जात न विचारण्याचं बळ त्यांना जिथून मिळालं, तिथे त्या गेल्या. दुसऱ्या कुणाला ते दुसरीकडून मिळालं असेल, तर आनंद आहे.

जाता जाता एक सांगायला हवं. हे शिष्यत्व म्हणजे मिशनऱ्यांची ताबेदारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचावा. धर्मगुरूंच्या सांगण्यावरून आपली विवेकबुद्धी गहाण टाकायला बाईंनी साफ नकार दिला. त्यांचं शाकाहारी राहणंसुद्धा त्या सिस्टरना खुपत होतं.

आता तिसरा आक्षेप. याच्यापुढे मी मान खाली घालतो. त्याग करणाऱ्याला त्याचं समाधान मिळतं. किंमत घरचे मोजतात. टिळकांनी ख्रिस्त निवडला, लक्ष्मीबाईंनी निवडला नव्हता. लहान मुलाला, दत्तूला, घेऊन त्यांनी नवऱ्यापासून वेगळी वर्षं काढली. पुढे नगरला आल्या तेव्हाही सोवळंओवळं सांभाळत वेगळी चूल मांडली. त्या वर्षांत त्यांना नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा होता, आणि समाजाच्या लेखी त्यांची जागा कुठेच नव्हती. तिकडे रमाबाईंची मनोरमा लहानपणी आईपासून दूर, वाँटेजच्या सिस्टरांपाशी वाढली. मोठेपणी आईच्या संस्थेत राबली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. शारदा सदनातून काढून नेलेल्या मुलींची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. रमाबाईंच्या उघड्या दाराची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

याला उत्तर म्हणून आमचे उपदेशक मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाची गोष्ट सांगतात. मला ती इथे चालत नाही. शुभवर्तमानातच याहून नेमकी जागा आहे. आईवडिलांच्या वाट्याचं जे आहे ते ‘देवाला वाहिलं’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलंच फटकारलं आहे. देवाच्या नावाने दुसऱ्याचा वाटा खर्च करायचा अधिकार त्याने कुणालाच दिला नाही; आणि स्वतः वधस्तंभावर असताना आईची सोय लावूनच त्याने प्राण सोडला. त्यामुळे टिळकांच्या बाप्तिस्म्याचा मी कितीही आदर केला, तरी लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांना ‘टिळकांचा त्याग’ म्हणणं मला जमत नाही. ते टिळकांनी लादलेलं दुःख होतं.

पण लक्ष्मीबाई तिथेच थांबल्या नाहीत, आणि वाद खरा इथे पलटतो. टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याची पाठराखण म्हणून नाही. जात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी स्वतःशी छडा लावला. विटाळाची भीती मनातून आधी गेली, बाप्तिस्मा नंतर झाला. नगरच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करणारी ही बाई सोवळ्यात वाढली होती, हे विसरू नये. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. त्या पुस्तकात त्या टिळकांना संत करत नाहीत. त्यांचा तापट स्वभाव, हातात पैसा न टिकणं, घरात आणून उभी केलेली माणसं, सगळं हसत हसत सांगतात. आपण सोसलं म्हणून देवाकडे थकबाकीही मागत नाहीत. ज्या व्यक्तीला फसवलं गेल्याची तक्रार करायचा पूर्ण हक्क होता, तिने आपल्या बुद्धीने तोच रस्ता धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही. टिळकांनी जे केलं त्याचं ते समर्थन ठरत नाही; पण तो रस्ता खोटा नव्हता, एवढं त्यातून सिद्ध होतं.

विरोधकांचं झालं. आता आपल्या माणसांकडे वळतो. प्रार्थना सभांमधून ऐकू येणाऱ्या साक्षींचा एक साचा झाला आहे: मी नोकरी सोडली, देवाने मोठी नोकरी दिली, मी घर सोडलं, देवाने बंगला दिला. घरदार सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, हे येशूचं आश्वासन ही मंडळी तोंडपाठ म्हणतात आणि त्याच वाक्यात शंभरपटीबरोबर छळही मोजलेला आहे, तो सोयीस्कर गिळतात. हे शिष्यत्व नसून मुदत ठेव आहे. टिळकांचंच बघा. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, देशी पद्धतीची, संप्रदायांच्या भिंती नसलेली मंडळी त्यांना हवी होती. 9 मे 1919 ला ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धं राहिलं. लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. व्याज कुठे आहे इथे?

जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफरचं उदाहरण याहून कठोर. 1937 साली शिष्यत्वावरचं त्याचं पुस्तक आलं. किंमत न मोजता मिळणाऱ्या स्वस्त कृपेवर त्याने त्यात कोरडे ओढले. 1939 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सुखरूप होता. काही आठवड्यांतच जर्मनीला परतला, कारण देशबांधवांचं दुःख वाटून घेतल्याशिवाय नंतरच्या उभारणीत आपल्याला तोंड दाखवता येणार नाही, असं त्याला वाटलं. 1943 मध्ये अटक झाली, हिटलरविरुद्धचा कट फसला आणि 9 एप्रिल 1945 ला फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं. दोनच आठवड्यांनी ती छावणी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आली. नफ्यातोट्याच्या भाषेत बोलायचं तर हा निव्वळ तोटा आहे. ज्यांना त्यागाला परतावा हवा त्यांनी बॉनहोफरची साक्ष आपल्या सभेत देऊन दाखवावी.

मग मी या त्यागाला सार्थ का म्हणतो? रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांमुळे. हजारोंची आई झालेली ही बाई त्या वयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. बायबलचं मूळ भाषांवरून मराठी भाषांतर करत राहिली, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. छपाई मुक्तीतल्याच स्त्रियांनी केली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या. ते भाषांतर मंडळ्यांच्या वापरात कधी रुजलं नाही. आधीचंच चालू राहिलं. समाजसेवेच्या दृष्टीने त्या वर्षांचं समर्थन कुणीच करू शकणार नाही. इतक्या वेळात आणखी एक विहीर खणली असती, आणखी एक शाळा काढली असती. ज्यांना रमाबाई फक्त सुधारक म्हणून हव्या आहेत, ते त्यांच्या चरित्रातली ही पानं भराभर उलटतात. मला मात्र त्या बाई इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतात. बेथानीत एका स्त्रीने जटामांसीचं महागडं तेल येशूच्या मस्तकावर ओतलं, तेव्हा जवळ बसलेल्यांनी नासाडी म्हणून कुरकुर केली. तीनशे दिनारांहून जास्त किंमत, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई, गरिबांना वाटता आली असती. हिशेब बरोबर होता. येशूने तो हिशेब बाजूला सारला आणि तिची बाजू घेतली. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी केलेलं काम उपयोगाच्या कसोटीवर उतरतंच असं नाही, आणि उतरलं नाही म्हणून ते व्यर्थ ठरत नाही. अर्थात, ज्याच्यासाठी केलं तो खरा नसेल तर सगळंच कोसळतं. पुनरुत्थान खोटं असेल तर आमच्याइतके केविलवाणे आम्हीच, हे पौलाने लपवलेलं नाही. मीही लपवत नाही. मी पौलाच्या बाजूने उभा आहे, एवढंच.

म्हणूनच एक गोष्ट मला आमच्या मंडळ्यांमध्ये सहन होत नाही. एखादा दलित ख्रिस्ती मुलगा जातीच्या दाखल्यावर ‘हिंदू’ राहून शिक्षण घेतो आणि रविवारी प्रार्थनेला येतो, तेव्हा व्यासपीठावरून त्याला दुटप्पी ठरवलं जातं. ठरवणाऱ्याचं घर मंडळीने दिलेलं असतं आणि त्याची मुलं मिशनच्या शाळेत सवलतीत शिकून बाहेर पडलेली असतात. त्या मुलाने काय सोडायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. नाकारूनही परत घेतलेला पेत्र त्याच व्यासपीठावरून आपण दरवर्षी शिकवतो. शिष्यत्वाची किंमत सांगायचीच असेल, तर वक्त्याने आपण काय मोजली तेवढं सांगावं आणि खाली बसावं.