रंगीत भिंतींवरचे छप्पर

पणजीच्या फोंताईन्हसमध्ये पर्यटकांचा कॅमेरा रंगीत भिंतींवर स्थिरावतो. त्या घरांचे भवितव्य मात्र भिंतींवरच्या कौलारू छपरावर अवलंबून असते आणि छपराचे भवितव्य घराच्या मालकीवर. वारसा जतनाच्या चर्चेत मालकीचा हा प्रश्न सहसा शेवटी येतो.

१८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज सत्तेची अधिकृत राजधानी झाली आणि आल्तिनोची टेकडी व खाडी यांमधील या चिंचोळ्या पट्ट्यात शहरी वस्ती दाट होत गेली. खेड्यातील प्रशस्त घरांसारखे मोकळे आवार येथे नाही. घरे थेट रस्त्याला भिडलेली, एकमेकांना खेटून उभी. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, चुन्याचा गिलावा आणि लाकडी वासे ही त्यांची घडण. सच्छिद्र जांभा पावसाळ्यात ओल धरतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, गिलावा फुगून सुटतो आणि भिंतीत टेकलेली वाशांची टोके कुजू लागतात. स्वस्तातील ही डागडुजीच पुढे महागात पडते.

पावसाळ्यानंतर दरवर्षी घर रंगवण्याचा पोर्तुगीज काळातील दंडक प्रसिद्ध आहे. त्यातील रंगापेक्षा नियमितपणा मोलाचा होता. वर्षातून एकदा तरी घराकडे निरखून पाहिले जाई. आज ही साखळी तुटली, ती केवळ अनास्थेमुळे नव्हे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगे व मुली यांना वारशात समान स्थान दिले. ही न्याय्य परंपरा गोव्याचे भूषणच आहे. परंतु वाटणी न होता दोन-तीन पिढ्या उलटल्या की एकाच घराचे हिस्सेदार पणजी, मुंबई, लिस्बन आणि लंडन येथे विखुरलेले असतात. कौले बदलण्याचा खर्च एकाचा आणि हिस्सा सर्वांचा, अशा स्थितीत निर्णय लांबतो. पाऊस मात्र कोणाच्या संमतीसाठी थांबत नाही.

हॉटेल वा कॅफे झाल्यामुळे काही घरे सावरली, हे नाकारता येत नाही. पण तोच एकमेव मार्ग मानला, तर घरे उरतील आणि शेजार नाहीसा होईल.

म्हणून धोरणाची नजर दर्शनी भागावरून छपराकडे वळली पाहिजे. मूळ साहित्यानेच होणाऱ्या दुरुस्तीला तातडीने परवानगी, राहत्या कुटुंबांना चुन्याच्या व लाकडाच्या कामासाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि राहत्या वारसाने केलेला खर्च वाटणीच्या वेळी विनातक्रार वळता होण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टींपासून आरंभ करता येईल. ज्याच्या डोक्यावर छप्पर गळते, त्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार असावा.