चोर दुकानात, गिऱ्हाईक फोनवर

तुरुंगांत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2014 मध्ये ‘प्रस्ताव 47’ मंजूर करून 950 डॉलरपर्यंतची दुकानचोरी किरकोळ गुन्ह्यांत टाकली. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच राज्याने ‘प्रस्ताव 36’ला भरघोस कौल दिला. चोरीसाठी आधी दोनदा दोषी ठरलेल्याची पुढची चोरी, रक्कम कितीही असो, आता गंभीर गुन्हा ठरू शकते. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा विरोध मतदारांनी जुमानला नाही.

दरम्यान अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने दुकानांतून गायब होणाऱ्या मालाचा जवळपास निम्मा तोटा संघटित चोरांच्या टोळ्यांच्या माथी मारला होता. डिसेंबर 2023 मध्ये तो दावा तिला मागे घ्यावा लागला. भीती तोवर घरोघरी पोचली होती.

टोळीचा म्होरक्या दुकानाची पायरी सहसा चढत नाही. रेझर, सौंदर्यप्रसाधने, औषधे उचलतात हाताखालची माणसे. माल खपतो ऑनलाइन. मोठ्या विक्रेत्यांची ओळख, बँक खाते, कर क्रमांक पडताळण्याची सक्ती जून 2023 पासून केंद्रीय कायद्याने संकेतस्थळांवर आहे. आमच्या मते खरी नस तिथे आहे. पण प्रचारसभेत बँक खात्याच्या पडताळणीवर टाळ्या कोण देणार?