पडद्यावरील धडा

कोथरुडाहून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, आमच्या घरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति काढण्याचें वडील मंडळींनीं मनावर घेतलें आहे. सारा मजकूर संगणकावर मराठींत उतरवावयाचा आहे. शिकविणारे चिरंजीव मात्र परदेशीं. टेलिफोनवर सांगितलेलें ध्यानांत राहात नाहीं आणि लिहून पाठविलेल्या सूचनांनीं हात वळत नाहीं. पडद्यावर घडतें तें लहानशा हलत्या चित्रांत टिपून धाडतां येतें असें ऐकतों. त्यासाठीं कोणतें विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावें?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. मराठी टंकलेखनांत कळा दाबण्याचा क्रम आणि अक्षर उमटण्याचा क्रम हे पुष्कळदां एक नसतात, आणि नेमकी हीच गोष्ट कागदावर दाखवितां येत नाहीं. जुन्या टंकलेखनयंत्रावर ‘कि’ काढतांना वेलांटी आधीं व ‘क’ मागून, असा हाताचा सराव असे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘क’ आधीं दाबावयाचा. मागून दाबलेली वेलांटी आपली आपण अक्षराच्या डाव्या अंगाला जाऊन बसते. ‘आर्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतील गंमत तर याहून न्यारी. दोहोंतहि र, हलन्ताची खूण आणि य हाच क्रम. परंतु दुसऱ्या शब्दांतील र शिफ्टची कळ दाबून घ्यावयाचा, म्हणजे रफार न होतां तो आडवा, पापणीसारखा उमटतो. ज्या गृहस्थानें सारी नोकरी जुन्या यंत्रावर केली, त्याला हें चार वेळां डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पटावयाचें नाहीं. हा कळफलक भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत आला आहे, आणि १९८८ सालीं येथेंच पुण्यांत निघालेल्या सी-डॅक संस्थेनें आपल्या ‘जिस्ट’ तंत्रानें भारतीय लिप्या संगणकावर रुजविण्याचें पुष्कळ काम केलें आहे. तेव्हां तोच शिकावा हें बरें.

हलत्या चित्राचा जो नमुना येथें उपयोगी पडतो त्याचें नांव जिफ. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीनें तो १९८७ सालीं काढला. त्याला आवाज नाहीं, एका चौकटींत रंग फार तर २५६, आणि चित्र संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून चालू. हे दोष वाटतील; पण शिकणाऱ्याला हेच गुण आहेत. वडिलांना ‘पुन्हां दाखव’ असें म्हणण्याचा संकोच उरत नाहीं. १९३३ सालीं कोल्हापूरची ‘प्रभात’ ज्या शहरीं येऊन राहिली, तेथील वाचकांस चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची रांग, हें निराळें सांगावयास नको. बोलपटाला सेकंदास २४ चित्रें लागतात. आपल्या कामाला १० पुरतात. छायाचित्र यांत पार बिघडतें, परंतु पांढऱ्या पडद्यावरील काळ्या अक्षरांना २५६ रंग म्हणजे चैनच.

आतां निवडीविषयीं. ‘विनामूल्य’ म्हणजे नुसतें फुकट नव्हे, हें आधीं मनांत पक्कें असावें. कित्येक संकेतस्थळें हें काम फुकट करून देतों म्हणतात. परंतु त्यांतील पुष्कळांत आपलें चित्र आधीं त्यांच्या यंत्रावर जातें. कुलवृत्तांतांत जन्मतारखा, पत्ते, टेलिफोनचे आंकडे असतात. ते परक्याच्या हवालीं कां करावे? जें सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर चालतें आणि ज्याचा मूळ आराखडा कोणासहि तपासतां येतो, तेंच मुक्त म्हणावें व तेंच घ्यावें.

विंडोज वापरणाऱ्यांस ‘स्क्रीनटूजिफ’ हें माझ्या मतें सर्वांत सोईचें. पडद्याच्या हव्या त्या भागावर पोकळ चौकट ओढावयाची आणि टिपावयास लागावयाचें. नंतर प्रत्येक चित्र सुटें पाहतां येतें, चुकलेलें काढून टाकतां येतें, आणि मुख्य म्हणजे दाबलेल्या कळांचीं नांवें चित्रावर उमटवितां येतात. टंकलेखनाच्या धड्याला हें नसेल तर बाकी सारें व्यर्थ, कारण पडदा अक्षर दाखवितो, बोट नव्हे. ‘लाइसकॅप’ याहून आटोपशीर. विंडोज व मॅक दोहोंवर चालतें, आणि शिफ्ट व स्पेस या कळांनीं मध्येंच थांबवितां येतें. त्यांत काटछाट मात्र नाहीं. लिनक्सवर ‘पीक’ फार सुटसुटीत होतें; त्याच्या कर्त्यानें तें काम थांबविलें आहे, म्हणून नव्यानें त्याच्या नादीं लागूं नये. तेथें ‘ओबीएस’नें चित्रफीत घेऊन ‘एफएफएमपेग’नें तिचा जिफ करावा, खटपट अधिक, पण साधनें टिकाऊ.

टिपण्यापूर्वीं पडद्यावरील इतर खिडक्या मिटाव्या, नाहीं तर बँकेचा निरोप नेमका त्याच क्षणीं कोपऱ्यांत उगवतो. एका चित्रांत एकच जोडाक्षर असावें आणि तें आठ-दहा सेकंदांत संपावें. अक्षर पुरें झाल्यावर शेवटची चौकट दोन सेकंद तशीच ठेवावी. तेवढ्यांत वडिलांची नजर पडद्यावरून कळफलकावर जाऊन परत येते. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडल्यास जिफचें रूपांतर चित्रफितींत होतें. मूळ चित्र जसेंच्या तसें पोहोंचावयास हवें असल्यास तें डॉक्युमेंट म्हणून जोडावें, किंवा सरळ ई-मेलनें पाठवावें.