टेबल स्वच्छ, खेपा तेवढ्याच

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरातले लोहखनिज ज्या वेगाने कोनसरीला पोचते, त्या वेगाने एटापल्लीच्या कचेरीतला कागद का हलत नाही, असा सवाल करणाऱ्या व्यवस्थापन-पंडितांची सध्या चलती आहे. त्यांतल्या एका पंडितांचा सिद्धांत असा: हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरची नळवाहिनी टाकली, खनिज तिच्यातून वाहू लागले, ट्रकची दगदग वाचली, सरकारी कामाचेही असेच करा. त्यासाठी औषध एकच, 'लीन', म्हणजे नासाडी छाटण्याची पद्धत. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी सात प्रकारची नासाडी हेरली होती: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, ने-आण, फुकटची प्रक्रिया, साठा, हालचाल आणि दोष. ती यादी हातात घेऊन तहसीलमध्ये शिरा, टेबले कमी करा, सह्या कमी करा, अर्ज ऑनलाइन घ्या. आणि जाता जाता ग्रामसभा, वनहक्क समिती, स्थळपाहणी हे 'मूल्य न वाढवणारे टप्पे'ही छाटून टाका. त्यांचे म्हणणे मी पाच वाक्यांत आटोपले. त्यांच्या सादरीकरणाला त्यासाठी अख्खी दुपार लागते, विषय नासाडीचा असूनही.

कचेरीत नासाडी आहे, हे नाकारतो कोण? साधा अर्ज टपालात येतो, आवक बारनिशीत चढतो, लिपिकाकडून अव्वल कारकुनाकडे, तिथून नायब तहसीलदारांकडे जातो आणि 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पुन्हा लिपिकाच्या टेबलावर उतरतो. चर्चा कोणी कोणाशी करायची, हे शेऱ्यात नसते. पण हे समजायला जपानपर्यंत जायची गरज नव्हती. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कागदांचे वर्ग पाडले, काय कायम ठेवायचे आणि काय वर्षभरात नष्ट करायचे ते ठरवले, आणि प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारे आणि नष्ट करायचे अशी सहा गठ्ठ्यांची पद्धत घातली. 'लखिना पॅटर्न' महाराष्ट्रातल्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. 'लीन' हा शब्द या अर्थाने छापून आला तो 1988 साली. तेव्हा पंडितांनी निदान नवा शोध लावल्याचा आव तरी आणू नये.

खरा मतभेद पुढे आहे, आणि तो घड्याळाचा आहे. पंडितांचे घड्याळ अर्ज टेबलावर पडला की सुरू होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हा चांगला कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दंडाची तरतूद त्यात आहे. पण मुदत मोजायची ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. एटापल्ली तालुक्याच्या गट्टा भागातल्या माडिया आदिवासी कुटुंबाची सगळी कहाणी त्या 'परिपूर्ण' होण्याच्या आधीच घडून जाते. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा हवा. ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, कारण तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्यांनी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? मग महसुली नोंद शोधा, ती नसेल तर वंशावळ करा, वंशावळीला प्रतिज्ञापत्र जोडा. एवढे जमले तरी नावाचे झेंगट उरतेच. शाळेच्या दाखल्यावर 'पुंगाटी', आधारवर 'पुगांटी': अनुस्वार एक अक्षर पुढे सरकला की प्रकरण त्रुटीत. तो सरकवला कोणी? माडिया न येणाऱ्या गुरुजींनी किंवा यंत्रासमोर बसलेल्या पोराने. भरपाई कोणाची? अर्जदाराची. त्याने परत जायचे, शपथपत्र करायचे, पुन्हा यायचे. साहेब दौऱ्यावर असतील तर तिसऱ्यांदा यायचे. त्यात मे महिना असेल तर तेंदूपानाचे मोजके दिवस हातचे जातात, आणि पावसाळा असेल तर नाल्याला पूर आहे की नाही यावर खेप ठरते. यातला एकही दिवस कुठल्याही नोंदवहीत चढत नाही. उलट प्रकरण 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' गेले की ते लिपिकाच्या प्रलंबित यादीतून उतरते, तक्त्यातला आकडा घसरतो, आणि आढावा बैठकीत कचेरीचे अभिनंदन होते. ओनोंच्या यादीतल्या वाट पाहणे, ने-आण, हालचाल आणि दोष या चारही नासाड्या इथे शाबूत आहेत. फक्त त्या टेबलावरून उचलून अर्जदाराच्या डोक्यावर ठेवल्या आहेत. पंडित याला उत्पादकता म्हणतात.

हा हिशेब फक्त दाखल्यांपुरता नाही. सूरजागडच्या खाणीची वार्षिक मर्यादा 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावावर ऑक्टोबर 2022 मध्ये जनसुनावणी झाली, ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. डोंगर एटापल्ली तालुक्यात, माणसे एटापल्ली तालुक्यात आणि सुनावणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर. कचेरीच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा 'लीन' कारभार नाही: मंडप नको, दौरा नको, सारी यंत्रणा जागच्या जागी. गावाच्या बाजूने पाहिले तर ज्याच्या पायाखालचा डोंगर पोखरायचा त्यानेच दोन दिवस मोडून जायचे. पुढच्याच वर्षी वाढीव मर्यादा मंजूर झाली. खनिजासाठी नळ घातला जातो. माणसाने मात्र आपले म्हणणे मांडायला स्वतःचे तिकीट काढायचे.

ऑनलाइनचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: जिथे मोबाइलला रेंजच नाही तिथे ऑनलाइन अर्ज म्हणजे तालुक्याला आणखी एक खेप. सह्या कमी करा म्हणता, तर रिक्त पदांमुळे त्या आपोआप कमी होतात, काम मात्र वाढते. हा वाद तसा जुनाच आहे. कचेऱ्यांत संगणक आले तेव्हाही हीच ग्वाही दिली होती की आता कागद संपला. कागद संपला नाही. आधी हाताने लिहिलेला एक होता, आता छापलेला एक आणि त्याच्या साक्षांकित प्रती तीन. तेव्हा शंका घेणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरवले गेले. त्या प्रती गोळा करत आजही कोण फिरते, ते कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे राहिले की दिसते.

आता ग्रामसभा ही नासाडी आहे, या दाव्याकडे वळू. वनहक्क कायदा 2006चा, नियम 2008चे, त्यांत मोठी दुरुस्ती 2012ची. त्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा पुरावा मानला आहे. उपग्रहाचे चित्र पुराव्याला पूरक ठरू शकते, पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. आणि अपुरा दावा वरच्या समितीने परस्पर फेटाळू नये, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवावा, अशी तजवीज आहे. याचा कारभाराच्या भाषेत अर्थ एवढाच की चूक जिथे दिसते तिथेच दुरुस्त करा. शेताची हद्द नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, हे गावातल्या म्हाताऱ्याला बसल्या जागी माहीत असते. तालुक्याच्या नकाशावर ते ठरवायला तीन पत्रे लागतात. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव अडून राहिले, आणि एप्रिल 2011 मध्ये परवान्यांचे पुस्तक अखेर ग्रामसभेच्या हाती आले. 2012च्या दुरुस्तीने परवाना देण्याचे काम गावाच्या समितीकडेच सोपवले. कचेरीचा एक टप्पा खरोखर कमी झाला, पण तो ग्रामसभा छाटून नव्हे, ग्रामसभेकडे काम सोपवून. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून सगळी साखळी थांबवता येते, कारण दोष पुढे सरकू द्यायचा नाही, हे तिथले सूत्र आहे. आमच्या पंडितांनी टोयोटाकडून पाट्या, रंग, तक्ते सगळे उचलले. दोरी तेवढी विसरले. ग्रामसभा ही ती दोरी आहे.

ग्रामसभेला वेळ लागतो, निम्मी गणपूर्ती जुळता जुळत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण एका अधिकाऱ्याने गावात येणे आणि अख्ख्या गावाने तालुक्याला जाणे यांत स्वस्त काय, हे सांगायला सल्लागार नेमावा लागत नाही.

मग करायचे काय? फार काही नाही. कार्यविवरण नोंदवहीत एक रकाना वाढवा: या कामासाठी अर्जदाराच्या खेपा किती झाल्या. घड्याळ पहिल्या खेपेपासून सुरू करा, परिपूर्ण अर्जापासून नव्हे. त्रुटी काढायच्या त्या एकदाच, सगळ्या, लेखी. दुसऱ्या खेपेला नवी त्रुटी काढली तर ती कचेरीची चूक धरा. नावातला अनुस्वार दुरुस्त करायचा अधिकार पहिल्याच टेबलावर द्या आणि त्या टेबलावर माडिया बोलणारा माणूस बसवा. आठवडी बाजाराच्या दिवशी टेबलच गट्ट्याला न्या. यात एकही जपानी शब्द नाही, म्हणून प्रशिक्षणाच्या बाजारात त्याला भाव येणार नाही. पण लीनचे पहिले सूत्रच सांगते की मूल्य ठरवायचे ते ज्याच्यासाठी काम चालते त्याने. एटापल्लीच्या कचेरीतले काम अर्जदारासाठी चालते. त्याच्या खेपा मोजल्या जात नाहीत तोवर तक्त्यातल्या 'प्रलंबित: शून्य' या नोंदीला कर्तबगारी म्हणायला आम्ही बांधील नाही.