आधी घरात विचारा



एप्रिल उजाडला की आपल्या वस्तीत कुणाला सवड नसते. ११ तारखेला महात्मा फुले जयंती, १४ ला बाबासाहेबांची जयंती, पुढे बुद्धपौर्णिमा आणि त्यातच लग्नसराई. विहारातल्या बैठकीत कुणी विचारते, "भोजनदानाचं कोण बघणार?" आपण हात वर करतो. "पावतीपुस्तक कोण घेणार?" पुन्हा आपणच. गावाकडून लग्नाचा निरोप येतो, त्यालाही "सगळे येतो" म्हणून मोकळे होतो. हेतू चांगलाच असतो. समाजाच्या कामाला नाही म्हणणे आपल्या जिवावर येते.

पण हा होकार निभावतो कोण? आमच्याच घरची गोष्ट. एका वर्षी आम्ही अशीच तीन कामे अंगावर घेतली. दोनशे माणसांच्या जेवणाची तयारी घरच्यांवर पडली, वर पाहुणे. चौदा तारखेला सारी वस्ती मिरवणुकीत आणि आमच्या मुलांची आई तापाने फणफणून अंथरुणावर! जयंतीचे ढोल तिने खिडकीतून ऐकले. वर्गणी आणि आहेर यांत पगार संपला. जूनमध्ये मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी हातउसने घ्यावे लागले. त्या दोघींना आम्ही काही विचारलेच नव्हते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे. गुलाम होऊ नये. मग बरोबरीच्या माणसाचे कष्ट त्याला न विचारता आपण कसे देऊन टाकतो?

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. मार्चअखेर कॅलेंडर भिंतीवरून काढायचे आणि सर्वांनी मिळून बसायचे. कामाच्या पाळ्या, मुलांच्या परीक्षा, लग्ने यांवर खुणा करायच्या. शाळेचे पैसे आधी बाजूला. उरतील त्यांतून वर्गणी आणि आहेर. मंडळाचे काम माणशी एकच घ्यायचे, पण ते तडीस न्यायचे. दूरच्या लग्नाला घरातल्या एकाने जावे. चौदा तारखेचा स्वयंपाक बाप्यांनीही करावा, म्हणजे सकाळच्या वंदनेला सारे घर एकत्र बसते.

बैठकीत कुणी काम सांगितले तर "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणावे. त्यात कमीपणा नाही. जमणार नसेल तर तसे लगेच कळवावे. मंडळाला दुसरा माणूस शोधता येतो. ऐनवेळी पाठ फिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

यंदा हात वर करण्यापूर्वी घरच्या माणसांचे हात किती भरलेले आहेत ते बघा. जयंती जशी वस्तीची, तशीच चुलीपाशी उभ्या असलेल्या माउलीचीही आहे.

जयभीम!