कुलूपबंद घरे आणि कोप्या

रिकाम्या घरांचा विषय निघाला की मुंबईचे मनोरे आठवतात. दिवाळीनंतर बीडमधील वडवणी, धारूर, शिरूर कासार या तालुक्यांत जाऊन पाहावे. कित्येक गावांत आळीच्या आळी कुलूपबंद असते. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले.

या घरांचे मालक तेव्हा उसाच्या पट्ट्यात पाचट-ताडपत्रीच्या कोपीत झोपतात. घरमालक आणि बेघर ही इथे एकच व्यक्ती आहे.

जनगणनेला मात्र ही रिकामी घरे दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान झाली. तेव्हा गाळप संपत आलेले असते, कुलपे निघालेली असतात.

दोष केवळ भांडवलशाहीवर ढकलून मोकळे होता येत नाही. प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या दृष्टीने सहकार हा खासगी मालकीला पर्याय होता. मालकी खरोखरच ऊस उत्पादकाकडे आली. तोडणीवाला मात्र सभासद नव्हता. मुकादमाकडून उचल घेतलेला ‘कोयता’ होता. (नवरा-बायको मिळून एक कोयता! हा हिशेबच पुरेसा बोलका आहे.) कायम कामगारांना वसाहत मिळाली, तोडणीवाल्यांना पुष्कळदा बांबू आणि चटया.

सोव्हिएत संघाने १९७७ च्या राज्यघटनेत घराचा हक्क लिहिला. तरीही शहरात वास्तव्याची नोंद नसलेल्याला घराच्या प्रतीक्षायादीत स्थान नसे.

म्हणून गाळप परवाना देण्यापूर्वी साखर आयुक्तालयाने कारखान्याकडून पक्का निवारा, पाणी आणि शौचालयांची हमी घ्यावी, कारखाना सहकारी असो वा खासगी.