वानगीची भीड

चैत्र-वैशाखात हमरस्त्याच्या कडेला कलिंगडांची रास रचून बसणारा विक्रेता आपल्या मालावर तांबडी ताडपत्रीच का ताणतो, हे सहसा कोणी त्यास विचारीत नाही, आणि विचारलेच तर तो उन्हाचे कारण सांगेल. परंतु त्या ताडपत्रीतून झिरपणाऱ्या उजेडाने कापलेल्या फोडीवर जी लाली चढते, ती घरच्या ताटात बरीचशी उतरलेली असते. संत्र्यांना नारिंगी जाळी आणि पालेभाजीवर घटकेघटकेला पाण्याचा शिडकावा, हा सारा त्याच नेत्रविद्येचा विस्तार होय. यास मी लबाडी म्हणणार नाही. मिठाईत अखाद्य रंग कालवणे निराळे, त्याचा बंदोबस्त 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने केला. मात्र चोख माल नेटकेपणाने मांडणे हा व्यापाऱ्याचा हक्कच आहे, आणि गिऱ्हाईकही रूपावर भाळण्याच्या तयारीनेच बाजारात आलेले असते.

वानगीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानाची पायरी चढताच हातावर तुकडा पडतो, पाचगणीहून महाबळेश्वरास जाताना गुरेघरच्या मॅप्रोच्या बागेत सरबताचा घोट पुढे येतो, आणि वरकरणी पाहता यात व्यवहाराचा परम प्रामाणिकपणा दिसतो, कारण डोळ्यांना भुलविता येते पण जिभेपुढे मालाला स्वतःची जबानी स्वतःच द्यावी लागते. तथापि त्या तुकड्यासरशी आणखी एक वस्तू आपल्या पदरात पडते, ती म्हणजे भीड. ज्याने आर्जवाने ‘चाखून तर बघा, घेऊ नका हवं तर’ म्हटले, त्यास पाठ दाखवून निघणे आपल्या संस्कारात बसत नाही. मग गरज नसताना ‘बरं, पाव किलो द्या’ हे शब्द आपणच उच्चारतो, आणि दुकानदाराने तर काहीच आग्रह केलेला नसतो!

या विद्येचा सर्वांत प्रचंड प्रयोग आपल्या देशावर झाला तो चहाचा. 1903 साली कायद्याने परदेशी जाणाऱ्या चहावर उपकर बसला, त्याच्या वसुलीतून चहाच्या प्रसारार्थ समिती चालली, आणि पुढे 1930 च्या सुमारास जागतिक मंदीने चहाचे भाव कोसळून मळेवाल्यांपुढे माल पडून राहू लागला, तेव्हा या समितीची नजर पाण्यावर तहान भागविणाऱ्या एतद्देशीय रयतेवर अधिकच स्थिरावली. गिरण्यांत, खाणींत, रेल्वेच्या फलाटांवर, गल्लीबोळांत मोटारी नेऊन चहा फुकट वाटला गेला. स्टेशनांवर चहाची कृती देशी भाषांत लिहिलेल्या पाट्या लागल्या. शेंगदाण्याची चिक्की चाखणाऱ्यास आधीपासून गोडाची आवड असते. येथे आवडच नव्हती, ती निर्माण करावयाची होती, म्हणून कपामागून कप देण्याचे धैर्य आणि खजिना दोन्ही लागले. गांधीजींनी चहाविरुद्ध लिहिले, त्याचा फुकटच्या पेल्यापुढे फारसा टिकाव लागला नाही. गंमत अशी की, समितीने शिकविलेली कृती मात्र आपण पाळली नाही: फलाटावरच्या विक्रेत्यांनी दूध आणि साखर सढळ हाताने ओतून पत्तीत काटकसर केली, ज्यायोगे प्रचारकांचा जीव खालीवर होई. मला हा पराभूतांनी केलेला लहानसा पण रुचकर प्रतिकार वाटतो.

वनस्पती तुपाने हाच कित्ता पुढे गिरविला. 1937 मध्ये बाजारात आलेल्या डालड्याच्या जाहिरातीसाठी डब्याच्याच आकाराची मोटार रस्त्यांतून फिरे आणि लोकांदेखत पदार्थ तळून चाखावयास दिले जात. येथे दृष्टी आणि जिव्हा या दोहोंना एकाच वेळी तडजोडीस आणले गेले.

तेव्हा वानगी नाकारा असा सल्ला मी देत नाही. चाखल्यावाचून खाद्यवस्तू घेणे हा निव्वळ आंधळेपणा होय. मात्र आंब्याच्या मोसमात पेटी घेण्यापूर्वी चाखावयाचे फळ वरच्या थरातले न घेता तळच्या थरातले काढावयास सांगावे. विक्रेता कुरकुरला तर पेटी तेथेच ठेवून चालू लागावे, आणि ज्या फळाची फोड चाखली त्याचे पैसे द्यावेत, म्हणजे भिडेचा प्रश्नच उरत नाही.